लेकुरवाळीचा घास

मावशी डुकरिणीच्या पाठीवरून हात फिरवायची, तो लाडानं नव्हे. कण्यापाशी बोटं थांबवायची, दाबून पाहायची आणि माझ्याकडे न बघताच म्हणायची, "हाड लागतंय, मास्तर."

मी मास्तर नव्हतो. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत नगरच्या छावणीला मांस पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे डुकरं होती, तिथं मी खाद्याच्या कोठारावर होतो. मिशनच्या शाळेत शिकलेला, म्हणून मावशीनं मला मास्तर करून टाकलं होतं. ती तिथं डुकरांची देखभाल करणारी म्हातारी, सगळेच तिला मावशी म्हणत.

मालकांचा नियम साधा होता. व्यालेली असो वा भाकड, सगळ्यांना सारखंच माप. पिलांचं दूध तोडल्यावर महिनाभरात जी डुकरीण माजावर येणार नाही, ती कसायाकडे. अशा पुष्कळ जात. आम्हाला वाटे, नशिबानंच वांझ झाल्या.

एका दुपारी मावशीच्या ओच्यात शेंगदाण्याची पेंड सापडली. मी ओरडलो, "चोरी करतेस?"

"व्हय, चोरली. चला, कुनाला चारती ते बगा."

तिनं मला एका खुराड्यापाशी नेलं. आडव्या पडलेल्या डुकरिणीच्या फासळ्या दिसत होत्या आणि पोटाला पिलं लोंबत होती.

"अकरा तोंडं वढत्यात हिला. खानं मातर एकटीचं. अंगावरचं मास दुधात चाललंय. मंग पुन्यांदा गाभन कशी ऱ्हाईल? तुमी ऱ्हाल?"

तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. माझे कान तापले.

मी धीर करून मालकांकडे व्यालेल्यांसाठी वाढीव खाद्य मागायला गेलो. ते हसले. "पाच डुकरिणी घे. फसलं तर तू आणि ती म्हातारी, दोघंही घरी."

मावशीनं व्यायल्यापासूनच घास वाढवत नेला. कोंड्यात पेंड, मूठभर सुकट, साखर कारखान्याची मळी आणि पाण्यात चुन्याची निवळी. सुकटीच्या वासानं मी नाकाला रुमाल लावायचो, ती मात्र हातानं कालवत बसायची. पिलं जशी मोठी होत, तसा घासही मोठा. दूध तोडल्यावर आठवड्याच्या आत चार डुकरिणी माजावर आल्या. पाचवी नवव्या दिवशी. पाचही गाभण राहिल्या. मी धावत सांगायला गेलो, तर मावशी म्हणाली, "भुकेल्या हुत्या. दुसरं काय."

मग मालकांनी सगळ्याच लेकुरवाळ्यांना तो घास लावून दिला. कसायाच्या फेऱ्या थांबल्या. तुम्ही त्या दिवसांत तिथं आला असता, तर मावशी एवढी का हसते, असं विचारलं असतं.

लढाई संपली. छावणीतले गोरे शिपाई मायदेशी निघाले, मांसाचा ठेका संपला. एका सकाळी फाटकाशी कसायाचे तीन ट्रक उभे राहिले. दुपारपर्यंत सगळा कळप न्यायचा होता.

"निम्म्या गाभण आहेत," मी म्हणालो. "एक तर पाच दिवसांची बाळंतीण आहे."

मालक ट्रककडे पाहत होते. "वजन काय छान धरलंय रे! म्हातारीच्या हाताला यश आहे."

 मागे वळलो तर मावशी उभी. तिनं ऐकलं होतं.

"मास्तर," तिनं विचारलं, "कशापायी भरवलं मंग मी त्यांला?"

 ती रडली नाही, भांडली नाही. फळीवरून चढणाऱ्या प्रत्येक डुकरिणीकडे पाहत राहिली. त्या बाळंतिणीला दोघांनी ओढून चढवलं. पिलांना भाव नव्हता, म्हणून ती खाली राहिली. ट्रक निघाले.

मावशी खुराड्यात वाकून आत गेली. पाटीत गोणपाट घातलं, त्यात एकेक करून नऊ पिलं ठेवली, वरून पदराचा तुकडा फाडून पांघरला. पाटी डोक्यावर घेतली आणि नेवाशाच्या रस्त्याला लागली. तिला कुणी अडवलं नाही. मीही हाक मारली नाही.

पुढं नेवाशाच्या बाजारात मी दोनदा चौकशी केली. पण विचारणार कसं? तिचं नावच मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी वळणापलीकडं ती दिसेनाशी झाली, तरी पाटीतली पिलं भुकेनं किंचाळताना बराच वेळ ऐकू येत होती.