इस्त्री केलेले उतारे

मला इंग्रजी कोणी शिकवलं, हे मी आजवर कुणालाच खरं सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, कोर्टातल्या एकाही सहकाऱ्याला नाही. कुणी विचारलं की म्हणतो, "घरीच, आपलं आपलं." तरुणपणी एकदा म्हटलं, ते तसंच चालत राहिलं. आता हे म्हणताना जीभ अडखळतही नाही. म्हणून बोलायचं सोडून लिहायला बसलोय.

मला इंग्रजी नफीसा बाजींनी शिकवलं. सेनगावच्या बाजारात त्यांच्या यजमानांचं कापडाचं दुकान होतं. बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला मी वडिलांबरोबर तिथं गेलो होतो. वडील लुगड्यांच्या ढिगात बसले आणि मी इकडंतिकडं बघत राहिलो, तर आतल्या खोलीत एक बाई चक्क वर्तमानपत्राला इस्त्री करत होत्या. कोळशाची जड इस्त्री, आणि खाली इंग्रजी वर्तमानपत्राचं चुरगळलेलं पान. मी दारातच थबकलो.

"क्या देखता रे? वाचता येतं का?"

"येतं की." मी बारावीत होतो, घमेंड होती. पान उचललं आणि चार ओळी धडाधड वाचून दाखवल्या.

"हौ. आता सांग, काय वाचलं?"

मी त्याच चार ओळींवरून पुन्हा बोट फिरवू लागलो.

"म्हणजे तोंडानं वाचलास. डोकं दारातच ठेवून आलास. उद्यापासून कॉलेज सुटलं की ये."

बाजी मूळच्या हैदराबादच्या. लग्नाआधी तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सेनगावला आल्यावर शाळा सुटली, पण शिकवणं सुटलं नाही. दुकानाचे गठ्ठे हैदराबादहून यायचे आणि घड्या मोडू नयेत म्हणून त्यांत जुनी इंग्रजी वर्तमानपत्रं घातलेली असायची. बाजी ती पानं जपून काढून घेत, इस्त्रीनं सरळ करत आणि त्यांतला एकेक उतारा कापून शिकायला येणाऱ्या पोरापोरींच्या हातात देत. खाली स्वतःच्या अक्षरात प्रश्न लिहिलेले. पान मधेच फाटलेलं असलं की आम्ही पुढचं अंदाजानं सांगू लागायचो. त्या हात वर करायच्या. "फाटलं तिथं उतारा संपला. पुढचं आपण रचायचं नक्को."

मला पुण्याच्या एका कायद्याच्या कॉलेजात जायचं होतं. आमच्या साखऱ्यासारख्या लहान गावातल्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या पोरानं हे मनात आणणं म्हणजे धाडसच होतं. प्रवेश परीक्षेत अर्धे गुण इंग्रजी उताऱ्यांना होते, आणि उतारे कधी न पाहिलेले. मी आजवर गाईड पाठ करून पास झालेलो. पाठ करण्यासारखं काही नाही म्हटल्यावर माझ्या हातात काहीच उरत नव्हतं.

बाजींचा नियम एकच. उत्तर उताऱ्यातून काढायचं, स्वतःच्या घरातून आणायचं नाही. हा नियम माझ्या गळी उतरला तो बकऱ्यांमुळं. कुठल्याशा परदेशी डोंगराबद्दल उतारा होता. बकऱ्यांनी झाडोरा खाल्ला, म्हणून डोंगर उघडा पडला, असं त्यात लिहिलेलं. डोंगर का उजाड झाला, या प्रश्नाला मी ठोकून उत्तर दिलं: पाऊस पडला नाही म्हणून.

"पाऊस कुठून आणलास?"

"बाजी, बकऱ्यांनी कुठं डोंगर उघडा पडत असतो का? आमी पिढ्यान्‌पिढ्या जनावरं चारून राहिलो. लिहिणाऱ्याला कळत न्हाई."

त्या इतक्या हसल्या की इस्त्री उचलून बाजूला ठेवावी लागली. "वकील हो बेटा, मग कर बकऱ्यांची वकिली. आत्ता तू वकील न्हाईस. आत्ता तू फक्त वाचणारा. तो काय म्हणतो ते आधी पुरतं ऐकून घे. भांडण नंतर."

त्यांची दुसरी तऱ्हा आणखी न्यारी. उतारा वाचून झाला की कागद पालथा घालायचा आणि पलंगावर सुपारी कातरत बसलेल्या त्यांच्या सासूबाईंना तो आपल्या बोलीत सांगायचा. सासूबाईंना सगळे दादी म्हणत. दादींना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, आणि कंटाळा मात्र लगेच यायचा. आपण जरा गुळमुळीत बोललो की अडकित्ता थांबायचा. "काय बोलून राहिला रे? माझ्या डोक्यावरून चाललं." मग पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी दीपगृहाच्या रखवालदाराचा उतारा सांगितला. वादळ, दिवा, बेटावर एकटा माणूस, सगळं नीट सांगितलं. दादी म्हणाल्या, "आन्‌ त्याची बायको?"

"उताऱ्यात न्हाई दादी."

"उताऱ्यात नसंल. घरात तर असंल ना!"

सगळ्यांत मोठ्यानं हसली ती रुखसाना. बाजींच्या धाकट्या दिरांची, हबीबचाचांची मुलगी. अकरावीत होती, माझ्या एक वर्ष मागं. मी दोनदा वाचायचो तो उतारा ती एकदा वाचून कागद पालथा घालायची, आणि दादींचा अडकित्ता तिच्या वेळी कधी थांबला नाही. मी कुठं चुकलो ते ती बाजींच्या आधी सांगायची, तेही हळूच, मला एकट्याला. तिलाही हीच परीक्षा द्यायची होती, पुढच्या वर्षी.

हबीबचाचांचं दुकान शेजारीच, भिंतीला भिंत लागून होतं. माणूस वाईट नव्हता. लेकीला एवढ्या लांब पाठवायचं, तर हे असं होऊ शकतं हे आधी डोळ्यांनी दिसावं, एवढंच त्यांचं म्हणणं. माझ्यासमोर ते बाजींना म्हणाले होते, "भाभी, तुमचा एक पोरगा ह्या परीक्षेत पास होऊन दाखवू द्या. मग मी पोरीला बसवतो. जबान दिली. तोवर बात नक्को."

परीक्षेला जायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "बाजी, फी काय द्यायची?" इतके महिने त्यांनी विषयच काढू दिला नव्हता.

"हौ, फी घेणार मी. पास झालास की सरळ हबीबभाईंच्या अंगणात जायचं. सांगायचं, मला इंग्रजी भाभींनी शिकवली आणि रुखसाना माझ्याहून हुशार आहे. बस. एवढीच फी. देशील?"

"देतो की बाजी. पळत येऊन देतो."

मी पास झालो.

हिंगोली तेव्हा नुकता वेगळा जिल्हा झाला होता आणि हिंगोली शहरात शिकवणीचे नवनवे क्लास निघत होते. त्यांतल्या एका क्लासच्या मोफत चाचणीला मी एका रविवारी बसलो होतो. माझा त्यांचा संबंध तेवढाच. निकाल कळल्यावर त्या क्लासचे सर शाल आणि नारळ घेऊन जीपनं थेट साखऱ्याला आले. आमच्या दारात जीप पहिल्यांदाच थांबत होती. वडिलांनी ठेवणीतला पटका काढला. आई घाईघाईनं चहाला बसली. सरांनी पुण्यात राहायची सोय करून देण्याचं कबूल केलं, माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला आणि मग सहज विचारलं, "आमच्याआधी कुणाकडे शिकत होतास?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "कुणाकडं न्हाई. घरीच, आपलं आपलं."

का म्हणालो? राहायच्या सोयीसाठी, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. ते पूर्ण खरं नाही. कॉलेजातली पोरं मला चिडवायची, "काय मारोती, बायांत बसून बांगड्या भरून राहिला का?" मुसलमानाच्या घरी जातो म्हणूनही खुसखुसायची. त्या जीपसमोर, त्या शालीसमोर मला कापडाच्या दुकानामागची ती खोली, पलंगावरची दादी, चुरगळलेली वर्तमानपत्रं एकदम लहान वाटली. लाज वाटली. जिथं मी माणसासारखं वाचायला शिकलो त्या जागेची मला लाज वाटली. हे लिहायला मला एवढी वर्षं लागली.

हबीबचाचांच्या अंगणात मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत पुण्याला निघून गेलो.

दिवाळीच्या सुट्टीत बाजींना भेटायला गेलो, पेढे घेऊन. त्या नेहमीसारख्या इस्त्री करत होत्या. माझ्या कपाळाला हात लावून त्यांनी दुवा दिली. पुण्यात जेवण कसं आहे, उतारे कसले असतात, सगळं विचारलं. मी हायसं वाटून बसलो, तेवढ्यात पलंगावरून दादी म्हणाल्या, "ह्याचा फोटो आला होता ना गं कागदावर?"

बाजींनी इस्त्री बाजूला ठेवली. "हौ. क्लासवाल्यांचं पत्रक निघालं. हबीबभाई घेऊन आले. म्हणाले, भाभी, वाचा. पोरगा तुमच्याकडं येऊन बसायचा, पण शिकला तर ह्यांच्याकडं. तुमच्याकडं शिकल्याचं कुठं लिहिलंय?"

"मग तुमी काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? मीच तर सांगते पोरांना, लिहिलंय तेच उत्तर, घरातून आणायचं नक्को. माझं नाव उताऱ्यात नव्हतं. हबीबभाईंनी बराबर उत्तर काढलं."

त्या हसल्यासुद्धा. टोमणा नव्हता त्यात, हे मी त्यांना ओळखत होतो म्हणून सांगतो. टोमणा असता तर सोपं गेलं असतं.

रुखसानाला परीक्षेला बसवायचं बोलणं तिथंच थांबलं होतं. तीच चहा घेऊन आली. कप ठेवून दाराशी उभी राहिली. "भैया, पेपरात उतारा कशावर आला होता?"

मी सांगितलं. एका नदीच्या मुखाशी बंदर होतं, गाळ साचत गेला, जहाजं यायची बंद झाली. ती दादींच्या शेजारी बसून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग प्रश्न काय होते ते विचारलं. एका प्रश्नावर मी फार वेळ घालवला होता आणि अखेर चुकलो होतो. तिनं त्याचं उत्तर तिथल्या तिथं दिलं, बरोबर दिलं.

"आन्‌ बंदरातली माणसं कुठं गेली?" दादींनी विचारलं.

"उताऱ्यात न्हाई," आम्ही दोघं एकदम म्हणालो आणि हसलो. बाजी मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या. त्यांनी काही मागितलं नाही. हबीबचाचा तेव्हा दुकानातच होते. दारातून त्यांचं गिऱ्हाइकाशी चाललेलं बोलणं ऐकू येत होतं. चार पावलं चालायची होती. मी म्हणालो, "बाजी, निघतो, गाडी चुकंल." गाडीला अजून वेळ होता. बाजींनाही ते ठाऊक असणार, त्या रोज तीच गाडी जाताना बघायच्या.

"हौ बेटा, निघ," त्या म्हणाल्या आणि पुढचं पान इस्त्रीखाली घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात रुखसानाचं लग्न झालं. बरीच पोरं त्या क्लासकडं गेली, मीच तर पत्रकावर होतो. बाजींनी खोली बंद केली नाही. उरल्या त्या मुलींना घेऊन त्या शिकवत राहिल्या, दादी गेल्या तरी, गठ्ठ्यांत वर्तमानपत्रांच्या जागी प्लास्टिक येऊ लागलं तरी. मग म्हणे बाजी रद्दीवाल्याकडून इंग्रजी पानं मागवून घ्यायच्या. त्यांच्या हाताखालच्या दोन मुली पुढं शिक्षिका झाल्या. हे मला त्यांच्याकडून नाही, सेनगावच्या एका पक्षकाराकडून कळलं. बाजी गेल्याचंही त्याच्याकडूनच, महिनाभर उशिरा.

आता वकिलीत माझं नाव आहे. लोक म्हणतात, हा माणूस समोरच्याचा कागद त्याच्यापेक्षा नीट वाचतो. आधी पुरतं ऐकून घेतो, मग भांडतो. ही विद्या कुणाची ते आता लिहून झालं. पण फी लिहून फिटत नाही, ती तोंडानं द्यायची ठरली होती.

हबीबचाचा अजून आहेत. थकलेत, पण दुकानात येऊन बसतात. त्यांच्या अंगणात उभं राहून, मला इंग्रजी तुमच्या भाभींनी शिकवली आणि तुमची रुखसाना माझ्याहून हुशार होती, एवढं मला बोलायचं आहे. ते मी अजून बोललेलो नाही. बाजींची फी माझ्याकडं बाकी आहे.