मंगळवार-शनिवारचा लाल दिवा

"मॅडम, आला." गजभिये मास्तर फोनवर एवढंच म्हणाले.

"काय आला?"

"शनिवार आला. तुमचं मशीन लाल होऊन बसलं पुन्हा."

गजभिये हे सौंसरच्या पुढच्या एका छोट्या स्टेशनचे मास्तर. मी त्या भागाची सिग्नल इंजिनिअर. गेल्या वर्षी मी रिटायर झाले, म्हणून आता निवांतपणे सांगता येतं. त्या दिवशी मात्र निवांतपणा नव्हता. नवीन मशीन बसवून दीड महिना झाला होता आणि हा नववा लाल होता. कधी मंगळवारी, कधी शनिवारी, सकाळी नवाच्या आसपास.

लाल म्हणजे काय ते आधी सांगते. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. ती आहे की नाही, हे कळण्यासाठी दोन्ही टोकांना रुळाला सेन्सर बसवलेले असतात. ते चाकं मोजतात. शंभर चाकं आत गेली आणि शंभर बाहेर आली, की मार्ग मोकळा. हिशेब जुळला नाही तर पडद्यावर तो तुकडा लाल होतो आणि सिग्नल पडत नाही, म्हणजे गाडीला पुढे जायची परवानगी मिळत नाही. यंत्राला शंका आली की ते 'गाडी आहे' असंच धरून चालतं. बिघडायचंच असेल तर सुरक्षित बाजूला बिघड, ही त्याला दिलेली शिकवण.

माझे वडील याच भागात छोट्या लाईनवर, म्हणजे नॅरोगेजवर, रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. त्यांच्या काळी हे सगळं काम एक लोखंडी गोळा करायचा. मशीनमधून एक गोळा निघाला की दुसरा निघायचाच नाही. गोळा हातात नसेल तर ड्रायव्हर गाडी हलवायचा नाही. लहानपणी मी तो गोळा दोन्ही हातांनी उचलून पाहिला होता. गार होता आणि चांगला जड. पुढे मी नोकरीला लागले तेव्हा रिलेचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यांचा, जमाना होता. रिलेरूममध्ये डोळे मिटून उभं राहिलं तरी खटखट ऐकून कळायचं, कोणता सिग्नल पडला, कोणता अडला. मला त्या खोलीची अजून आठवण येते. कॉम्प्युटर आले आणि खोली मुकी झाली. फक्त पंख्यांची घरघर.

तर तो शनिवार. मी गाडी काढून स्टेशनवर पोचले, तोवर पडदा हिरवा झालेला.

"रीसेट केलं?" मी विचारलं.

"केलं."

"सेक्शन रिकामा असल्याची खात्री करून?"

गजभिये माणूस सरळ. खोटं बोलले नाहीत. "पहिल्या चार वेळा पुरी खात्री केली, मॅडम. पुढच्या स्टेशनले इचारलं, मागच्या गाडीचा शेवटचा डबा पोचला का ते पाहून घेतलं. आता कायले? शनिवार हाय, लाल होनारच. कंट्रोलवाले फोन करकरून डोकं खाऊन राहिले."

मी खुर्चीत बसूनच राहिले. लालची भीती नव्हती. त्याने गाडी उभी राहते, लोक शिव्या देतात, बस. भीती होती ती मास्तरांच्या त्या 'कायले'ची. उद्या एखाद्या शनिवारी खरोखरच एखादा डबा मार्गात सुटून राहिला असता, तर यंत्र असंच लाल झालं असतं. आणि मास्तरांनी असंच रीसेट केलं असतं. समोरून पॅसेंजर आली असती.

दीड महिन्यात आम्ही काय नाही केलं. मशीनमधलं सर्किट कार्ड बदललं. केबल तपासली. उंदरांवर संशय घेतला, पिंजरा लावला, एक उंदीर सापडलाही, पण तो निर्दोष निघाला. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन टाका. टाकलं. तरी मंगळवारी लाल.

मशीनच्या आत तीन कॉम्प्युटर असतात. तिघं एकच हिशेब वेगवेगळा करतात, निदान दोघांचं एकमत झालं तरच पुढचं पाऊल. लॉग काढून पाहिला तर दर वेळी तिघांचंही एकमत होतं, की त्याच एका सेन्सरवर लोखंड आलं. तिघं मिळून मला एकच गोष्ट सांगत होते आणि मी त्यांनाच वेड्यात काढत होते.

म्हणून पुढच्या मंगळवारी आठ वाजताच त्या सेन्सरजवळ जाऊन उभी राहिले. स्टेशनपासून लांब, एका बाजूला संत्र्याची बाग, दुसऱ्या बाजूला जुना कडुनिंब. निंबाच्या आडोशाला पाण्याची बाटली घेऊन बसले.

नवाच्या सुमारास सुखदेवकाका दिसले. हे कीमन. रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या तर हातोड्याने ठोकून घट्ट करायच्या, हे त्यांचं काम. छोट्या लाईनपासून तेच करत आलेले. वडिलांचे सोबती. मला फ्रॉकमध्ये पाहिलेले.

काका निंबासमोर थांबले. चपला काढल्या. हातोडा खाली ठेवला. जमिनीवर नाही, कामाचं लोखंड मातीत टाकायचं नाही हा त्यांचा नेम. रुळाला आतून बसवलेल्या सेन्सरवर ठेवला. तिथे छान टेकतो. मग जामसांवलीच्या देवळाच्या दिशेला तोंड करून हात जोडले, मारुतीचं काहीतरी पुटपुटले, हातोडा उचलला.

माझा फोन वाजला. "मॅडम, मंगळवार आला."

मी निंबाआडून बाहेर आले. काका दचकले, मग हसले. "तू इथं काय करून राहिली, बेटा?"

मी सगळं सांगितलं. हातोड्याकडे, सेन्सरकडे बोट दाखवून सांगितलं. त्यांचं हसू गेलं. हातोडा त्यांनी छातीशी धरला.

"म्हंजे गाड्या माह्यापायी उभ्या राहत होत्या?"

"हो काका."

"चाळीस वर्षं झाले, मी इथंच थांबतो. छोटी लाईन होती तवापासून." त्यांनी चपला पायात घातल्या. मग म्हणाले, "साहेबाले सांगाच लागन ना?"

"लागेल."

"मंग लिव."

साहेबांना मी फोनवर सांगितलं. ते चांगले माणूस. म्हणाले, "अहो, कीमनचं नाव कशाला? कार्ड खराब होतं असं लिहा. कंपनी बदलून देईल. म्हाताऱ्याच्या निवृत्तीला आठ महिने राहिले आहेत. त्याला फक्त दहा पावलं पुढे थांबायला सांगा."

मोह झाला नाही असं नाही. पण मी मुळातच हट्टी. म्हटलं, "साहेब, कार्ड खराब लिहिलं तर मास्तर म्हणणार, पाहा, मशीन खोटारडंच होतं. ते पुन्हा लालवर विश्वास ठेवणार नाहीत. आणि असे सेन्सर सगळ्या लाईनवर आहेत, असे हातोडेही आहेत."

साहेब म्हणाले, "तुमची मर्जी."

रिपोर्ट सहा पानी झाला. नकाशा, वेळा, लॉग, फोटो. शेवटी एक रकाना होता, 'जबाबदार व्यक्ती'. त्यात मी सुखदेवकाकांचं पूर्ण नाव लिहिलं.

रिपोर्टने काम चोख केलं. सगळ्या सेन्सरजवळ पिवळा पट्टा मारला गेला. रुळाची देखभाल करणाऱ्या गँगच्या लोकांना बोलावून समज दिली. तिथे पुन्हा खोटा लाल आला नाही. गजभिये मास्तर लाल दिसला की पुन्हा आधी मागच्या गाडीचा शेवटचा डबा पोचल्याची खात्री करू लागले. हा माझा मोठा विजय.

काकांना चार्जशीट मिळाली. हद्दीवरून काढून डेपोत बसवलं. उरलेले आठ महिने त्यांनी तिथे जुन्या चाव्या निवडल्या, चांगल्या इकडे, गंजक्या तिकडे. मी डेपोत गेले की ते मान वर करून "ये बेटा" म्हणायचे आणि पुन्हा चाव्यांत हात घालायचे. त्यांच्याजवळ बसायची माझी हिंमत झाली नाही.

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, चिवडा झाला. लोक पांगल्यावर मी त्यांच्या पाया पडले. म्हटलं, "काका, राग आहे का माझ्यावर?"

"राग कायचा? खरं होतं थे लिवलं तू. तुह्या बापानंही तेच केलं असतं." शाल त्यांनी नीट घडी करून पिशवीत ठेवली. "पन एक सांगू? मशीन लागली तवा तुम्ही मास्तरले शिकवलं, डायवरले शिकवलं. मी रोज तिच्या बाजूनं जाऊन राहिलो होतो. मले कोनी सांगतलंच नाई, का इथं लोखंड ठेवाचं नाई म्हनून."

ते प्रशिक्षण मीच दिलं होतं. दोन दिवस, प्रोजेक्टर, चहा-समोसे. हजेरीच्या यादीवर माझी सही आहे. रुळावर चालणारी माणसं दुसऱ्या खात्याची, म्हणून त्यांना बोलावण्याचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

नवीन लोक मला विचारतात, कॉम्प्युटरवर किती भरवसा ठेवायचा? मी सांगते, ठेवा, चांगली यंत्रं आहेत. तिघांत एक चुकला तर दोघं सांभाळून घेतात. फक्त बसवण्याआधी बघून घ्या, त्याच्या शेजारून रोज कोण चालत जातं. मग ते वह्यांत लिहून घेतात.

रिपोर्टच्या त्या रकान्यात दोन नावांची जागा होती. मी एकच भरली.