दार उघडेपर्यंत

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. रोह्याहून पेणला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी मोबाइलवर फ्रेंच सिनेमा बघत होता. पाठलाग रंगला की त्याचा उजवा पाय पत्र्यावर ब्रेक दाबायचा.

"ड्रायव्हर होता का?"

"व्हय. भाषा कळत नाय, पण गाडी कितीपण उलटू दे, यातली माणसं कपडे झटकत बाहेर येतात नि भांडत बसतात. म्हणून बघतो."

कुणालाच न सांगितलेलं मी त्याला सांगून टाकलं. "कोलाडजवळ मला डुलकी लागली नि गाडी उलटली. बायको बाहेर आली नाही."

मग त्याने सिनेमा मागे नेला आणि एक इअरफोन माझ्या हातात दिला. पडद्यावर गाडी उलटली तसा माझाही पाय दाबला गेला.

"थांबा," तो म्हणाला, "आता दार उघडेल."