पाच नंबरच्या पलंगावर कोण?

पद्मिनी सिस्टर वॉर्डच्या एका टोकाला खाकरल्या, की दुसऱ्या टोकाचा पेशंट चादर सारखी करून बसे. रायपुरात तेलीबांध्याजवळच्या एका खासगी दवाखान्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. नव्या मुलींना त्या पहिल्याच दिवशी बजावत, "नावांच्या भानगडीत पडू नको, गोंधळ होतो. पलंगाचा नंबर पाहायचा अन् औषध द्यायचं."

या मे महिन्यात हाच धडा अंगाशी आला. वॉर्डात कूलर एकच, पाच नंबरच्या पलंगासमोर. उकाडा वाढला की पेशंट आपसांत ठरवून जागा बदलत. सगळ्यांना ठाऊक होतं, कोणी हटकत नसे. अठरा तारखेच्या सकाळी पाच नंबरचे श्यामराव उठून खिडकीशी गेले आणि हर्नियाचं ऑपरेशन झालेले नरहर कूलरपुढे येऊन आडवे झाले. तीन महिन्यांपूर्वी कामाला लागलेल्या निधी नावाच्या नर्सनं कागद पाहिला, नंबर पाहिला आणि श्यामरावांचं इन्सुलिन नरहरांना टोचलं.

थोड्या वेळात नरहर घामानं निथळले, बरळू लागले. पद्मिनी सिस्टरांनी बोट टोचून साखर पाहिली, डॉक्टरांना बोलावलं, शिरेतून ग्लुकोज दिलं. दुपारी नरहर उठून चहा मागू लागले, तेव्हा कुठे सिस्टर स्टुलावर टेकल्या.

चार वाजता मॅनेजर यशवंतरावांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. निधीच्या हलगर्जीपणामुळे चूक झाली, तिला कामावरून काढावं, असा मजकूर होता.

"सही करा सिस्टर. आदमी बच गया, बात खतम."

"त्या पोट्टीले काढून काय होईन? दुसरी येईन, तिलेही मी तेच शिकवीन."

"रिटायर व्हायला दोन वर्षं राहिली तुमची. काहून झंझट करून राहिल्या?"

"ती चुकली, पण शिकवलं मीच. चला माझ्यासंग वॉर्डात."

वॉर्डाच्या दारात त्यांनी पेशंटची यादी यशवंतरावांच्या हाती दिली. "पाच नंबरले नावानं हाक मारा."

यशवंतराव कूलरपाशी गेले. "श्यामरावजी, कैसे हो?"

पलंगावरचा माणूस हललाही नाही. खिडकीजवळून श्यामरावांनी हात वर केला. "मी इकडं हावो भैया! तिथं आता सात नंबरवाले झोपून राहिले."

सगळा वॉर्ड हसला. यशवंतराव सोडून.

"तुमच्या हातात सुई असती तर?" सिस्टरांनी विचारलं, आणि तो कागद उभा फाडला. मग वॉर्डाच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं: औषध पलंगाच्या नंबरावर दिलं जातं, ही पद्धत चुकीची, ती शिकवली पद्मिनीनं. खाली ठसठशीत सही.

"उद्यापासून प्रत्येकाच्या मनगटाला नावाची पट्टी. तुम्ही मागवा, नाही तर माझ्यापाशी चिकटपट्टी आहे. अन् निधी कामावर येईल. तिले अडवायचं तर पहिले मले अडवा."

"वर सांगावं लागेल."

"सांगा. मीही येते."

दुसऱ्या दिवशी निधीला फाटकावर कोणी अडवलं नाही. औषधांचा ट्रे घेऊन ती नरहरांपुढे उभी राहिली. त्यांच्या मनगटावर पांढरी चिकटपट्टी होती. "बाबा, तुमचं पूर्ण नाव?"

"वा! काल न विचारता टोचलं, अन् आज नाव विचारून राहिली!"

"सांगा मुकाट्यानं," मागून खाकरत पद्मिनी सिस्टर म्हणाल्या. "वडिलांचंही सांगा. नाही तर गोळी नाही."