करंगळी सुजली नाही

हात भाजला तेव्हा मला भाजल्याची भीती वाटली नाही, सुजेची वाटली.

अंघोळीच्या पाण्याचं पातेलं उतरवताना फडकं निसटलं आणि उकळतं पाणी डाव्या पंजावर आलं. सासूबाईंनी चुन्याची निवळी खोबरेलात घोटून लावली. तरी तासाभरात अंगठा आणि बोटं टरारून फुगली, मनगट चढलं आणि काचेच्या बांगड्या मांसात रुतू लागल्या.

त्या बांगड्यांखाली माझा जुना वण होता. चौथीतून शाळा सुटली त्याच सुगीत ज्वारी कापताना विळा तिथे बसला होता. जखम भरली, पण करंगळी आणि शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर राहिली. बोटं हलत, शिवलेलं मात्र कळत नसे. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "बधिर हाय म्हनून कुनाला सांगू नगं. लोकांस्नी एकच रोग ठावा असतो." म्हणून त्या हातात मी नेहमी दोन बांगड्या जास्त भरायची. सहा वर्षं भरत होते. त्याचाही कंटाळा येतो माणसाला.

सासूबाईंनी साबण लावून पाहिला, बांगड्या निघेनात. "वाढवाव्या लागत्याल," म्हणाल्या आणि मनगटाखाली फडक्याची घडी ठेवून बत्त्याने एकेक टिचवली. काच वेचता वेचता थांबल्या.

"ह्यो वण कशाचा गं?"

मी वणावर पदर ओढला. मला तेवढंच येत असे.

त्यांनी करंगळी उचलली. साऱ्या पंजावर एकच पाणी पडलेलं, पण करंगळीचं कातडं नुसतं पांढुरकं झालं होतं. भोवती लाली नाही, सूज जवळपास नाहीच. त्यांनी ती दाबली. माझ्या तोंडाकडे बघत आणखी जोरात दाबली.

"दुखत न्हाई?"

"न्हाई, आत्याबाई."

त्यांनी माझा हात खाली ठेवला आणि आपले हात पदराला पुसले.

संध्याकाळी माझं ताट उंबऱ्याबाहेर वाढलं. हे पिंपरीच्या नव्या कारखान्यातून सायकलवर घरी आले, तेव्हा पायातल्या वहाणा काढायच्या आत त्यांना सगळं ऐकावं लागलं.

"म्हारोग हाय हिला. उद्या माहेरी पोचवून ये."

"अगं आई, पानी पडलंय तिच्या पंजावर."

"मंग समदा पंजा सुजला तवा करंगळी काय जत्रंला गेली व्हती?"

ह्यांनी सायकल भिंतीला लावली.

सकाळी मी लुगड्याचं गाठोडं बांधलं आणि कॅरिअरवर बसले. आमचं पिंपळे गुरव मागे पडलं. माहेरच्या, खेडच्या रस्त्याला लागणार असं धरून मी डोळे मिटून होते. सायकल थांबली ती दवाखान्यापाशी.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावून कापसाने आणि टाचणीने बोटं तपासली. मूठ वळायला लावली. कोपराच्या खाचेत अंगठा फिरवून काहीतरी शोधलं. पाठीवर, दंडावर कुठे चट्टा आहे का पाहिलं. मग वणावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, इथे काय लागलं होतं?"

"ती न्हाई बोलायची, साहेब," हे म्हणाले.

"तिला विचारतोय मी."

बाहेर पेशंट खोकत होते. शेवटी मी म्हटलं, "विळा."

एवढा एक शब्द बोलायला मला सहा वर्षं लागली होती.

डॉक्टर ह्यांच्याकडे वळले. "महारोग नाही. महारोगात कोपराशी नस जाड लागते, इथे तसं नाही. विळ्याने करंगळीची नस तुटली, एवढंच. भाजलं की कातडीतल्या नसा वर डोक्याला दुखणं कळवतात, तशाच तिथल्या तिथे रक्ताच्या नळ्यांनाही सांगतात, रुंद व्हा, पाणी पाझरू द्या. त्याने लाली येते, सूज चढते. करंगळीत सांगणारंच कोणी नाही, म्हणून ती कमी सुजली." मग मला म्हणाले, "सूज नाही म्हणजे बरं आहे, असं धरू नका. हेच बोट सगळ्यांत उशिरा भरेल. ह्याला जपा."

तसंच झालं. बाकीचा हात महिन्याभरात निवळला, करंगळी मात्र ओलीच होती. माझं ताट आत आलं. सासूबाईंनी स्वतः कासाराला बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या. माफी वगैरे काही नाही, पण भरताना हात धरला.

थंडीत त्या चुलीपुढे बसल्या होत्या. भाकरी फुगली होती आणि चिमटा सापडत नव्हता. "तुज्या त्या बोटाला लागत न्हाई न्हवं? काढ की तेवढी." मी काढली. पुढे निखाराही सरकवू लागले. डॉक्टर काय म्हणाले ते मला आठवत होतं, ह्यांनाही आठवत असेल. पण घरात ठेवून घेतलं होतं, वर तोंड कुठे करायचं, असं वाटायचं. सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगत, "आमच्या सुनंला चिमटा लागत न्हाई."

दोन वर्षांत त्या बोटाचं नख गेलं. ते परत आलं नाही.