माझी श्रद्धांजली आणि पोरीची सुपारी

आमच्या रिठदमध्ये कोणीही गेलं की भाषण मीच करतो.

यात माझी लायकी काही नाही. माइक आणि कर्णा माझ्या घरचा आहे, एवढंच. एरवी मी वांगी आणि मेथी पिकवणारा माणूस. पण माइक हातात आला की माझ्यात काहीतरी संचारतं (बायको म्हणते, गरमी होते). ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ हे वाक्य मी इतक्या लोकांसाठी वापरलं आहे की आमच्या गावात आता घर बांधायला जागा उरलेली नाही!

तर त्या रविवारी आमच्या पोरीची, प्राजूची सुपारी होती, म्हणजे लग्न पक्कं करण्याचा कार्यक्रम. मुलगा कारंज्याचा, नाव नीलेश, वाशीमला नोकरीला. तो आणि त्याची बहीण येऊन पोरीला बघून गेले होते. दोघांची पसंती झाली होती. पसंतीनंतर फोनवर काय काय बोलणं झालं ते आम्हाला कळू नये म्हणून प्राजू गच्चीवर जाऊन बोलायची. राहिली होती फक्त थोरांची पसंती. मुलाचे आईवडील आणि मोठे काका चार वाजता येणार होते. मोठ्या काकांच्या ‘हो’शिवाय त्या घरात दिवाही लागत नाही, असं ऐकलं होतं. पोरगी समोरच बघायची हा त्यांचा नियम, म्हणून थोरांनी तिचा फोटोही बघितला नव्हता. प्राजूने सकाळीच मला बजावलं, “बाबा, आज कमी बोलजा.”

आणि त्याच सकाळी तीन माणसं गेली.

पहिले आमच्या भागाचे माजी मंत्री. दुसरा एक नकलाकार, ज्याला टीव्हीवर बघून माझी बायको सुनंदा पोळ्या करपवायची. तिसरी हिंदी सिनेमातली एक जुनी नटी. ही माझ्या वडिलांची, आबांची. म्हणजे आबांना तसं वाटायचं! तरुणपणी ते तिचा सिनेमा बघायला सायकल मारत वाशीमला गेले होते आणि येताना सायकल विसरून चालत आले होते.

शेजारचे गणूकाका धावतच आले.

“भाऊ, तिघं गेले ना एकाच दिवशी! शोकसभा घ्या लागते.”

“काका, आज पाहुणे येऊन राह्यले.”

“मंग तं बेसच हाय! आंगन सारवलं, सतरंज्या टाकल्या, हार आनले, माइक घरचा. एवढी तयारी कोन्या मयताले असते? तिघायचं एकातच उरकू. दोन वाजता सुरू, तीनले खतम.”

सुनंदाने स्वयंपाकघरातून माझ्याकडे असं बघितलं की शहाणा माणूस तिथेच नाही म्हणाला असता. पण मी शहाणा नव्हतो. तीन मोठी माणसं, एक माइक! अशी संधी पुन्हा येते का?

मानाप्रमाणे सुरुवात मंत्र्यांपासून झाली. पाहुण्यांसाठी आणलेला हार त्यांच्या फोटोला घातला. त्यांनी गावासाठी काय केलं हे सांगायला मी वीस मिनिटं राखून ठेवली होती, पण आठवण्यातच वेळ गेला. भाषण संपताच कार्यकर्त्यांनी फोटो हारासकट उचलला, कारण पुढची सभा रिसोडला होती. त्यांच्याबरोबर अर्धा जमावही उठला (तिथे जेवण होतं!).

नकलाकाराचा फोटो कुठेच नव्हता. म्हणून सुनंदाच्या मोबाइलवर त्याचा फोटो उघडून मोबाइल खुर्चीवर उभा केला आणि त्याला हार घातला. मी बोलायला लागलो की पडदा काळा व्हायचा. गणूकाका उठून बोटाने श्रद्धांजली द्यायचे, की नकलाकार पुन्हा उजळायचा. शेवटी सुनंदा तरातरा आली, “पाहुण्यायचा फोन येईन,” म्हणत मोबाइल घेऊन आत गेली. हार खुर्चीवरच राहिला.

उरली नटी. आबांनी ट्रंकेतून तिचा फोटो काढला होता. जुन्या कॅलेंडरचं पान, पण चौकट पक्की. विशीतली पोर, साधी साडी, कपाळावर टिकली, केसांत मोगरा. शेवटच्या काळात ती कशी दिसायची हे आबांना बघायचं नव्हतं, म्हणून आम्हीही कधी दाखवलं नाही. फोटोला हार, पुढे उदबत्ती, बाजूला पांढऱ्या टोपीत रडणारे आबा.

आणि तेवढ्यात पाहुणे आले. तासभर आधी!

त्यांची गाडी थांबलेली मी माइकवरून बघितली. ते तिघं दारातच खिळले. मग हळूच चपला काढून मागे जाऊन बसले. मी मानेनेच ‘बसा, बसा’ केलं. मनात म्हटलं, बरं झालं. होणाऱ्या व्याह्यांना कळू दे, आपण कोणत्या घराशी सोयरीक करतोय ते!

माझी एक जुनी युक्ती आहे. गेलेल्या माणसाचं नाव मी सगळ्यात शेवटी घेतो. त्याने परिणाम होतो. त्या दिवशी तर फारच झाला.

“ती गेली!” मी आवाज लावला. “कालपर्यंत हसत होती, आज फोटोत जाऊन बसली! ती एका घरची नव्हती, घराघरातली लेक होती!”

मागे मुलाच्या आईने पदर डोळ्यांना लावला. मला स्फुरण चढलं.

“तिच्या एका हसण्यासाठी किती पोरांनी शाळा बुडवल्या! किती जणांच्या उशीखाली तिचा फोटो सापडला!”

मुलाच्या वडिलांनी मान वर केली.

“पण सुख तिच्या नशिबात नव्हतं. तीन लग्नं केली, एकही टिकलं नाही!”

वडील अर्धवट उठले. मोठ्या काकांनी त्यांना हात धरून बसवलं आणि ते आबांकडे सरकले. (हा संवाद आम्हाला आबांनी नंतर सांगितला, तोही कौतुकाने.)

“कायनं गेली हो?”

“झोपेतच गेली बापा. माह्या आंधी गेली!”

“अन् आमाले कोनी कळवलं नाही?”

“कोनाकोनाले कळवता? साऱ्या दुनियेले मालूम हाय!” म्हणत आबांनी काकांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. काकांचाही बांध फुटला.

तिघंही डोळे पुसत उठले. मुलाच्या आईने पिशवीतून काहीतरी काढून फोटोपुढे ठेवलं, हात जोडले आणि तिघं गेले. पाणी नाही, चहा नाही, ‘येतो’ही नाही. मयताच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे. पण त्या क्षणी मला वाटलं, माझ्या भाषणाने बिचाऱ्यांची वाचाच बसली!

सुनंदा हात पुसत बाहेर आली. “पाहुणे आले होते ना? गेले कुठं?”

“हेलावून गेले,” मी म्हणालो.

तिचं लक्ष फोटोपुढे गेलं. तिथे हिरवी साडी होती, वर नारळ.

“पाहुण्यायनं वाह्यली,” आबा नाक ओढत म्हणाले. “किती कदर हाय लोकायले!”

“अवो, हे सुपारीची साडी होय!” सुनंदा किंचाळली. “आपल्या प्राजूची!”

तेवढ्यात आत प्राजूचा फोन वाजला. फोन नीलेशचा होता आणि पलीकडून म्हणे नुसते हुंदके येत होते. मग प्राजू म्हणाली, “मी नाही तं कोन बोलून राह्यली? भूत?” थोड्या वेळाने ती पिठाच्या हातांनी बाहेर आली. “बाबा, नीलेशच्या घरच्यायनं त्याले फोन केला का मी मेली. अन् मरायच्या आंधी तीन लग्नं केली!”

मी गाडी काढली. प्राजू मागे बसली, भजी तळत होती त्याच साडीवर. रस्ताभर ती पुढची प्रत्येक गाडी निरखत होती. पोर रागावली असती तर बरं वाटलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला देवाने मुकं केलं असतं तर बरं झालं असतं.

वाशीम रस्त्यावर एका टपरीजवळ ते सापडले. मयताहून आल्यावर घरी शिरण्याआधी हातपाय धुवावेत म्हणून मोठे काका तांब्याने पायांवर पाणी घेत होते. प्राजू सरळ गेली आणि त्यांच्या पायांशी वाकली. काकांनी पाय मागे ओढले.

“काका, मी प्राजू. जित्ती हाय. अन् लग्न माह्यं एकबी नाही झालं.”

तांब्या काकांच्या हातातून सुटला.

मुलाच्या आईने तिला दोन्ही हातांनी चाचपलं आणि तिला पोटाशी धरून त्या रडू लागल्या. “माय माय! तीन लग्नायचं ऐकूनबी मले तुह्यासाठी रडू आवरलं नाही वं!”

मोठ्या काकांनी तांब्या उचलला आणि माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “पोट्टी पसंत हाय. एकच अट. लग्नात इवाई, म्हंजे तुमी, माइकले हात लावनार नाही.”

“मंजूर!” हे मी नाही, प्राजू म्हणाली.

लग्न झालं. मंडपात माइकशेजारी कारंज्याचे दोन धडधाकट पाहुणे शेवटपर्यंत उभे होते. मी तक्रार केली नाही. पण मनाला एक गोष्ट लागून राहिली आहे. इतकी वर्षं मी एवढ्या मोठमोठ्या माणसांना श्रद्धांजली वाहिली. माझ्या शब्दांनी खरोखर रडलेली माणसं ती तिघंच. आणि तीही रडत होती आत भजी तळणाऱ्या माझ्या पोरीसाठी!