पाटावरून उचललेला पाना

मी इंजिनिअर माणूस. भुताखेतांच्या गोष्टींना मी नेहमी हसत आलो. तरीही हे लिहितोय, कारण आता ते मनात ठेवणं जमत नाही...

आमचं घर मद्रासला, मैलापुरात. मूळचे आम्ही तंजावरचे. सहा वर्षांपूर्वी एका अमेरिकन मासिकात बटण दाबलं की आपोआप उघडणारं गॅरेजचं दार पाहिलं, आणि तेच वेड घेतलं. जुन्या लिफ्टची मोटर, साखळी आणि लोखंडी शटर जमवलं.

अप्पा, माझे वडील, म्हणाले, "अमेरिकेत माणसांना हात नसतात काय रे?"

काम संपत आलं आणि आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळी हत्यारं हळदकुंकू लावून पाटावर ठेवतात. दुसऱ्या दिवशीच्या पूजेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. पण संध्याकाळी माझे ऑफिसचे साहेब चहाला येणार होते. मला दार दाखवायचं होतं. दुपारी मी पाटावरचा पाना उचलला.

आमचा ड्रायव्हर मुनुसामी म्हणाला, "सार, आज नको. उद्या सकाळी करू की."

"पूजा झाली ना? धर खालची पट्टी. करंट बंद आहे."

खरंच बंद होता. फ्यूज मी काढून खिशात टाकला होता. मुनुसामी उकिडवा बसला आणि गुडघाभर उंचीवरची पट्टी त्याने दोन्ही हातांनी धरली. मी बोल्ट आवळू लागलो.

शटर धाडकन खाली आलं. त्याची बोटं उंबऱ्याच्या लोखंडावर चेचली गेली. तो किंचाळला. मग शटर आपोआप वर गेलं — आणि त्याने हात ओढायच्या आत पुन्हा आदळलं. पुन्हा वर. पुन्हा खाली. रक्त माझ्या चष्म्यावर उडालं. मी घण घेऊन साखळीवर घाव घालत सुटलो. ती तुटली तेव्हा कुठे ते थांबलं.

फ्यूज माझ्या खिशातच होता.

पडणं एक वेळ समजेल, लोखंडाला वजन असतं. पण वर कसं गेलं? शटर वर ओढणारी स्प्रिंग तर बसवलीच नव्हती. ती अजून पाटावरच होती, कुंकवासकट.

अप्पांना आणि पोलिसांना मी सांगितलं, "त्यानेच बटण दाबलं." इस्पितळात मुनुसामीला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सार म्हणतात तर दाबलं असेल." त्याची सात बोटं गेली. तो मद्रासजवळच्या कोवलमला, मासेमारी करणाऱ्या भावांकडे परत गेला.

गेल्या महिन्यात मी तिथे गेलो. भाऊ होडी ओढत होते, तो वाळूत बसून बघत होता. मी म्हणालो, "मी खोटं बोललो, मुनुसामी. बटण तू दाबलं नव्हतंस."

"माहीत आहे, सार. दोन्ही हात पट्टीवर होते. तिसरा कुठून आणू?"

"आजच तुझ्या भावांना आणि पोलिसांना हे खरं सांगतो," मी म्हणालो. त्याने हळूच विचारलं, "पण सार, ते वर कसं गेलं?"

मी इंजिनिअर. त्याच्या तीन बोटांकडे बघत म्हणालो, "पाना मी पाटावरून उचलायला नको होता."